नव्या कापडाला हळदकुंकू

मी काय काम करते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते मोठ्याने कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. बाबा सांगतात, "शर्मिष्ठा एक्स्पोर्टला आहे." एक्स्पोर्टला म्हणजे कशात, असं कुणी खोदून विचारलंच तर "गारमेंट" म्हणतात आणि पंख्याकडे बघतात.

मी अंधेरीतल्या एका कंपनीत ब्रा डिझाइन करते. त्यातच केस पिकले. परदेशातल्या बायका मी आखलेल्या पॅटर्नमध्ये ऑफिसला जातात, पळायला जातात, घटस्फोट घेतात. आणि बोरीवलीत माझी आई स्वतःची ब्रा अजून टॉवेलखाली वाळत घालते. टॉवेल तासाभरात वाळतो. खालची वस्तू संध्याकाळपर्यंत दमट. त्या वस्तूला आमच्याकडे नाव नाही. आई "ते" म्हणते. "ते आत घे गं, समोरचे गॅलरीत आलेत."

त्यामुळे माझ्या भावजयीला, अनुपमाला, डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा भीतीच्या जोडीला आणखी एक पंचाईत उभी राहिली. हे सांगायचं कसं? माझा धाकटा भाऊ देवव्रत बँकेत अधिकारी आहे, भाषा चांगली आहे त्याची. त्याने नातेवाइकांना फोनवर "छातीचा त्रास" असं कळवलं. चिपळूणच्या मावशीने हृदयविकार समजून सोललेल्या लसणाची बरणी पाठवली. ती आम्ही आमटीत घालून संपवली.

ऑपरेशनमध्ये गाठ काढली, स्तन राहिला. मग केमो झाली, केस गेले. मग रेडिएशनची पाळी आली. याला मात्र घरात लगेच शब्द मिळाला. लाइट. "अनूला लाइट द्यायला न्यायचंय." ऐकणाऱ्याला वाटावं, वीज कंपनीचं काहीतरी काम निघालंय.

हॉस्पिटल अंधेरीत. शनिवार-रविवार सोडून रोज जायचं. मी जोगेश्वरीला एकटी राहते, म्हणून असं ठरलं की देवव्रतने तिला सकाळी तिथे सोडायचं, आणि लाइट घेऊन झाला की तिने रिक्षाने माझ्याकडे येऊन पडायचं. संध्याकाळी तो तिला घेऊन बोरीवलीला जाई.

तिथल्या डॉक्टर चेतना वयाने आमच्या मुलीसारख्या होत्या. म्हणजे मुलगी असती तर. त्यांनी अनूच्या छातीवर शाईने खुणा करून घेतल्या आणि सांगितलं, "या खुणांवरच मशीन लागतं. पुसायच्या नाहीत. साबण नाही, पावडर नाही, क्रीम नाही, घरातलं काही म्हणजे हळदबिळद नाही. अंगाला काही लावायचं नाही. आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही. त्वचा भाजेल, काळी पडेल, तुम्हाला वाटेल पुरे झालं. तरी यायचं. खंड पडला की आजाराला उसंत मिळते."

अनू विमा कंपनीत आहे. हप्ता चुकला की काय होतं हे तिला समजावून सांगावं लागत नाही. घरी येऊन तिने हे सगळं सगळ्यांसमोर जसंच्या तसं सांगितलं. आईने नीट ऐकून घेतलं. दोनदा विचारून घेतलं.

सुरुवात बरी गेली. मग कातडी तापायला लागली. काखेत आणि स्तनाच्या खालच्या वळीत, जिथे ब्राची पट्टी बसते बरोबर तिथे. माझ्याकडे आली की अनू आधी पडदे ओढून घ्यायला लावी, वरचं सगळं काढून टाकी आणि पंख्याखाली बसे. डाव्या बाजूला जांभळ्या शाईच्या रेघा. माझ्याकडच्या डमीवरही अशाच रेघा असतात. फक्त डमीला घाम येत नाही.

"काय बघतेस ताई?"

"मापं घेतेय."

"घे. आता एवढ्या लोकांनी घेतलीयत, तू घरची." मग म्हणाली, "खरं सांगू का? मला उद्या जायचं नाहीये."

"का?"

"हे घातलं तर भाजतं. तिथून इथपर्यंत रिक्षा उडते ना, एकेका खड्ड्याला जीव जातो."

"मग नको घालूस. वरून ओढणी घे."

अनूने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला बोरीवली स्टेशनवर नाच म्हटलं होतं. "तशी जाऊ? देवव्रतच्या शेजारी बसून? वॉचमन उभा असतो, समोरच्या नेने काकू असतात. शी! माझ्याच्याने नाही होणार."

यात हसण्यासारखं काही नव्हतं. टक्कल पडलं तेव्हा तिने स्कार्फ बांधला आणि लिफ्टमध्ये लोकांना टक्कल दाखवून हसवलं. पण याची लाज शिकायला तिला अख्खं लहानपण लागलं होतं, ती एका आजाराने जाणार नव्हती. घातलं तर सोसवत नाही, न घातलं तर ती दाराबाहेर पाऊल टाकणार नाही. आणि खंड तर पडायला नको. म्हणजे अनूचा इलाज शेवटी मशीनवर, डॉक्टरांवर किंवा देवावर अडला नव्हता. माझ्या धंद्यावर अडला होता.

"मी करते काहीतरी," मी म्हटलं.

"तुमच्या त्या टॅगवर काय असतं गं? इंग्लिशमध्ये?"

"जणू काही घातलंच नाही."

"तेच कर. पण घातल्यासारखं दिसू दे."

मी केलं. कंपनीत बाहेरून आलेलं नवं कापड होतं, बांबूच्या धाग्याचं, पांढरं, हातात घेतलं तर हातातून गळून पडेल असं. तार नाही, हूक पुढे, खालची पट्टी चांगली रुंद म्हणजे भार वाटला जाईल. आमच्या सॅम्पल रूममध्ये चार बायकांनी घालून बघितलं, चौघींनी मला मिळेल का म्हणून विचारलं. चौघींचीही कातडी धडधाकट होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

रविवारी मी ते घेऊन बोरीवलीला गेले. आतल्या खोलीत नेऊन द्यायचं, पण मला काय झालं कोण जाणे, मी हॉलमध्येच टीपॉयवर ठेवलं. बाबांनी पंख्याकडे बघितलं. देवव्रतला बेसिनचा नळ गळतोय का ते बघायची आठवण झाली. आई मात्र आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्या कामाला हात लावला. पदराला हात पुसून मग लावला.

"मऊ आहे गं," ती म्हणाली. "हे तू शिवलंस?"

"हो."

"अस्सं," म्हणाली, आणि घेऊन आत गेली. मला केवढा आनंद झाला. एक्स्पोर्टला लागल्यापासून एवढा झाला नव्हता.

मंगळवारी दुपारी देवव्रतचा फोन आला. आवाज चढलेला.

"ताई, काय कापड वापरलंस तू? रंग गेला त्याचा! तिच्या खुणा सगळ्या बरबटल्यात. टेक्निशियन म्हणतो ही खूण आमची नाही, आणि आमची होती ती दिसत नाही. लाइट दिला नाही त्यांनी. परत स्कॅन करायचा, परत खुणा करायच्या. मधले दिवस गेले की नाही वाया? आणि खाली सालटं निघालंय ते वेगळंच."

"देवा, कापड पांढरं आहे."

"मग?"

"पांढऱ्याचा रंग जात नाही."

तो म्हणाला, "लालसर आहे. शाई नाही वाटत. कुंकवासारखं काहीतरी."

अनू माझ्याकडे आली तेव्हा मी ते हातात घेऊन उलटं केलं. आतून, डाव्या बाजूला, खालच्या पट्टीच्या कोपऱ्यात पिवळा डाग आणि त्यावर घामाने पसरलेला लाल. बोट ओळखीचं होतं. हे बोट आमच्या फ्रिजवर आहे, गॅसच्या शेगडीवर आहे, देवव्रतच्या स्कूटरवर होतं, त्याच्या लॅपटॉपच्या झाकणावर अजून पुसट दिसतं. आमच्या घरात नवी वस्तू हळदकुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. नवी साडी असो नाहीतर नवा टॉवेल, कोपऱ्याला आईचं बोट लागल्याशिवाय ती अंगाला लागत नाही. ब्रा तेवढ्या आजवर सुटल्या होत्या, कारण त्या चोरून घरात येत. ही पहिलीच राजरोस दारातून आली.

आणि अंगाला हळद लावायची नाही, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. कपड्याचं कुणी काही बोललं नव्हतं.

"बोलू नकोस," अनू म्हणाली. ती कुशीवर पडून होती, उजव्या. "आईंना बोलू नकोस काही."

"तुला माहीत होतं?"

"मी तिथेच होते."

"मग सांगायचंस ना! नको म्हणायचंस!"

"कशी म्हणू?" ती भिंतीकडे बघत होती. "वाटी घेऊन आल्या. बाहेरून डाग दिसेल म्हणून आतून लावलं. दुखऱ्या बाजूला लावलं, मुद्दाम. तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. ताई, लग्न होऊन मी या घरात आले त्याला किती वर्षं झाली. त्यांनी माझं कधी वाईट केलं नाही. पण माझ्यासाठी काही मागितलंय देवाकडे, माझ्यासाठी, असं मी पहिल्यांदा बघितलं. तेवढ्यात मी 'आई, इन्फेक्शन होईल' म्हणू?"

मी पंखा वाढवला.

इथे माळ्यावरच्या गाठोड्याचं सांगायला पाहिजे. देवव्रतचं लग्न झालं त्या वर्षी आईने जुनेर जमवायला घेतलं. तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत, टोचतं. धुऊन धुऊन जीर्ण झालेलं सुती लागतं. त्याचीच झबली, त्याचीच दुपटी. आजीची लुगडी, आजोबांची धोतरं, आईची स्वतःची वॉयलची पातळं, सगळं धुऊन, घडी करून, एका चादरीत बांधून तिने माळ्यावर ठेवलं. शिवलं काही नाही. आधी शिवू नये म्हणतात. आणि मग बाळ काही आलं नाही. दर दिवाळीला माळा साफ होई, तेव्हा गाठोडं खाली उतरे, आई त्यात डांबराच्या गोळ्या बदले, आणि गाठोडं वर जाई. कुणाला कुणी चकार शब्द बोलत नसे. अनू स्टुलावर चढून ते आईच्या हातात देई आणि परत घेई. आमच्या घरात टोमणे मारायची पद्धत नाही. गरजच पडत नाही.

"ताई," अनू म्हणाली, "आता नवीन काही आणू नकोस. नवीन कितीही मऊ असलं तरी खरखरतं. मला ते बाळाला घालतात ना, तसलं काहीतरी दे."

ती हे सहज म्हणाली की समजून, मी विचारलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला फोन लावला.

"आई, घरात जुनं सुती काही आहे का? अगदी जुनं. अनूला पाहिजे."

पलीकडून टीव्हीवरची मालिका तेवढी ऐकू येत होती, कुणीतरी कुणाला तरी घराबाहेर काढत होतं.

"आहे," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती टॅक्सी करून आली. आई टॅक्सीने एकटी कुठे जात नाही. गाठोडं मांडीवर होतं. डिकीत टाकू दिलं नाही, ड्रायव्हर कुरकुरला. दारातच ती म्हणाली, "अंगाला लावायची नाही म्हणाले होते. मी कपड्याला लावली."

"आई, बसा ना आधी," अनू आतून म्हणाली.

"मला वाटलं, कपड्याला चालेल."

"मलाही वाटलं चालेल. बसा. पाणी घ्या."

एवढंच. हा विषय त्या दोघींत एवढाच झाला. चादरीची गाठ सुटली तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा असा भपका आला की तिघींनी नाकं दाबून धरली. तो वास जायला साध्या पाण्यात चारदा धुवावं लागलं.

पहिलं झबलं मी झबल्यासारखंच कापलं आणि ते बाद झालं. तान्ह्या बाळाला पेलायला काही नसतं. मोठ्या बाईला असतं. कापड मऊ, पण भार खाली लोंबला आणि भाजलेल्या वळीत कातडी कातडीला घासली. आई म्हणाली, "पुढून गाठ मार, चोळीसारखी." बांधून बघितलं, गाठ नेमकी दुखऱ्या जागी आली. मग मी आमच्या धंद्यात बंदी असलेली एक गोष्ट केली. दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत, हा नियम सोडून दिला. डाव्या खांद्याला पट्टीच नाही. अंगरख्यासारखं एकावर एक घेतलेलं, सगळा भार उजव्या खांद्यावर आणि पाठीवर, बंद उजव्या बगलेला. डावीकडे कापड नुसतं झोळीसारखं, आणि वळीत ठेवायला त्याचीच एक सुटी घडी, भिजली की बदलायची. शिवणी सगळ्या बाहेरून. आत एक दोरा नाही.

आईने धोतर कात्रीने कापू दिलं नाही. टोकाला दातांनी चीर देऊन धाग्यात सरळ फाडलं. एवढं जुनं कापड, फाटताना आवाजसुद्धा केला नाही.

अनूने घातलं. उभी राहिली. हात वर केला, खाली केला. मग घरातल्या घरात खड्ड्यातून रिक्षा जाते तशा दोन उड्या मारल्या.

"काय?" मी विचारलं.

"थांब गं." आणखी एक उडी. "काही नाही. म्हणजे आहे, पण काही नाही." आणि मग आईकडे वळून, तोंड अगदी गंभीर ठेवून म्हणाली, "आई, वाटी आणली नाहीत? हळदकुंकू?"

आईने तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "जुन्याला लावत नाहीत. ते आधीच कुणाचं तरी होऊन गेलेलं असतं."

अनू हसायला लागली. हसताना दुखत होतं म्हणून डावीकडे हात धरून हसली. आईही हसली, आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली.

नव्या खुणा झाल्या, लाइट पुन्हा सुरू झाला, आणि यानंतर अनूने एकही दिवस चुकवला नाही. कातडी भाजायची तेवढी भाजलीच. झबल्याने किरण अडत नाहीत. पण ती रिक्षात बसायची. हॉस्पिटलच्या बाकावर शेजारच्या बायकांनी बंद बघितले, चौकश्या झाल्या, आणि आई-मी तिथल्या बायकांना शिवून द्यायला लागलो. देवनारची एक होती, मुलुंडची एक, एक तर थेट विरारहून यायची. प्रत्येकीची बाजू वेगळी. आई घरी फोनवर विचारे, "डावी की उजवी?" बाबा पंख्याकडे बघत. गाठोडं कमी कमी होत गेलं.

झबली रोज धुवायची, आणि उन्हात वाळवायची असं डॉक्टरांनी सांगितलेलं. टॉवेलखाली ऊन लागत नाही. तेव्हा बोरीवलीच्या गॅलरीत ती उघडी दोरीवर लागली, पांढरी, लहानशी, बंद वाऱ्यावर हलणारी. समोरच्या गॅलरीतून नेने काकूंनी आनंदाने हाक मारली, "अहो, झबली कुणाची? गोड बातमी आणि आम्हाला पत्ता नाही?"

अनू आत सोफ्यावर होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आईने चिमटा लावला. दुसरा लावला. मग समोर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुनेची आहेत. तिच्या स्तनाला कॅन्सर झालाय, लाइट देतायत, म्हणून तिच्यासाठी शिवलीत. तुमच्याकडे जुनं मऊ सुती असेल तर द्या."

बाबांनी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

संध्याकाळी नेने काकूंनी दोन जुनी पातळं आणून दिली. जाताना अनूच्या डोक्यावर, स्कार्फवर, हात ठेवून गेल्या.

मला वाटलं, हे कंपनीनेही करावं. मी मीटिंग लावली. आमचा मार्केटिंगचा प्रमुख श्रेयस हुशार मुलगा आहे, वाईट नाही. त्याने झबलं हातात घेतलं, खरंच मनापासून घेतलं.

"मॅम, स्टोरी झकास आहे. डोळ्यात पाणी आलं माझ्या. पण एका बाजूला पट्टी नाही ना, फोटोत डिफेक्टिव्ह पीस वाटतो. आपण दोन्ही बाजूला घेऊ. आणि पिंक करू. नाव 'वॉरियर'."

"त्यांना तिथे पट्टी सोसत नाही, श्रेयस."

"मग सॉफ्ट पट्टी घेऊ."

मी अनूला हे सांगितलं. ती म्हणाली, "वॉरियर कसली गं? मी रांगेत बसलेली असते. नंबर आला की जाते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पट्टी नको म्हणावं."

लाइट संपला. केस परत आले, आधी नव्हते असे कुरळे. अनू ऑफिसला जायला लागली. कातडी बरी झाली तरी आत झबलंच घालायची. दुसरं काही टोचतं म्हणायची. बाहेरून दिसायचं थोडं वेडंवाकडं, एक बाजू खाली. लिफ्टमध्ये आता ती लाजत नव्हती.

पुढच्या वर्षी दुखणं यकृतात निघालं.

आईने डॉक्टर चेतनांना एकटीने गाठून विचारलं. मी दाराबाहेर होते, मला ऐकू आलं. "मध्ये चार दिवस लाइट चुकला होता. कुंकवामुळे. त्याच्यामुळे का?"

"नाही आजी. चार दिवसांनी असं होत नाही. हे त्याआधीच कुठेतरी जाऊन बसलेलं असणार."

"बरं," आई म्हणाली. डॉक्टरांचं ती ऐकून घेते, दोनदा विचारूनही घेते. मानते की नाही ते तिचं तिला माहीत. त्या दिवाळीला घरात नवा मिक्सर आला, बाबांना नवा सदरा आला, देवव्रतला फोन आला. कशालाच बोट लागलं नाही. कुणी विचारलं नाही का म्हणून. देव्हाऱ्यातली वाटी तशीच राहिली, कुंकवावर पापुद्रा धरला.

अनू घरीच गेली, बोरीवलीला, सकाळी, आंघोळी-चहाच्या वेळेला. देवव्रत तिच्या पायथ्याशी बसून होता आणि कुणीतरी त्याला उठवून हॉलमध्ये बाबांजवळ नेलं. दोघांनी पंख्याकडे बघितलं.

सवाष्ण बाई गेली की तिला नवी हिरवी साडी नेसवतात, नवा ब्लाउज घालतात, कपाळभर मळवट भरतात. नेने काकू दुकानं उघडायच्या आत कुठूनतरी साडी घेऊन आल्या. ब्लाउज तयार मिळाला तो आणला, जरीच्या काठाचा, कडक. मी अनूला आंघोळ घातली होती. डाव्या बाजूची कातडी अजून काळसर होती आणि एका जागी शाईची एक खूण राहिली होती. एवढे दिवस राहते का शाई? पण होती. मी ती घासली नाही. पुसायची नाही असं सांगितलेलं.

मी ब्लाउज उचलला.

"थांब," आई म्हणाली. ती भिंतीला टेकून बसली होती. हात टेकून उठली, कपाटापाशी गेली आणि अनूच्या कपड्यांतून झबलं काढून आणलं. गाठोड्यातलं ते शेवटचं, आजोबांच्या धोतराचं. "आधी हे घाल. नुसता ब्लाउज टोचेल तिला."

खोलीत चार बायका होत्या. आता काय टोचायचंय, असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. आम्ही अनूला कुशीवर केलं, उजव्या, सवयीने. मी बंद बांधले, डावीकडची घडी नीट बसवली, वरून ब्लाउज घातला, तो पुढून लागला नाही, तसाच ठेवला. मग साडी पायांवरून वर घेतली.

नेने काकूंनी देव्हाऱ्यातली वाटी आणून आईपुढे धरली. "वहिनी, नवी साडी आहे. बोट लावा."

आईने पापुद्रा फोडला. पदराच्या कोपऱ्याला बोट लावलं, ब्लाउजच्या काठाला लावलं. आणखी एकदा बोट बुडवलं, आणि ते पुढे गेलं, बगलेशी, जिथे झबल्याच्या बंदाचं टोक बाहेर आलं होतं तिथवर गेलं, आणि थांबलं.

"ह्याला नको," ती म्हणाली. "हे जुनं आहे." आणि बोट स्वतःच्या पदराला पुसून घेतलं.